रिकाम्या टाकीचे चार दिवस

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा स्टील प्लांटात कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते आणि युनियनची पत्रकं घडी घालायला आमच्या क्वार्टरमध्ये यायची. दिवाणावर गठ्ठा टाकायचा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. छापलेलं हिंदीत, घडी घालतानाचं बोलणं मराठीत. मला वाचता आलेला पहिला शब्द 'साथियो' होता. पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं की कुठलंही लिखाण असंच सुरू होतं आणि उद्गारचिन्हावर संपतं.

त्या घड्यांमधून मी दोन गोष्टी उचलल्या. एक, साहेब लोक कागद मागतात तेव्हा त्यांना वेळ काढायचा असतो. दुसरी बाबांची: मागणीपत्रावर सगळ्यांचं म्हणणं एकसारखं हवं. "एकानं बारा मागण्या लिवल्या अन् दुसऱ्यानं अकरा," ते म्हणायचे, "तं साहेब त्या बाराव्यातूनच आत शिरते."

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही भिलाईतल्याच हुडको वसाहतीत राहायला आलो. गल्लीच्या टोकाला सांडपाण्याचं पंप हाऊस आहे. आजूबाजूच्या वसाहतींचं मैलापाणी तिथल्या उघड्या टाकीत जमतं आणि पंपाने पुढे ढकललं जातं. दिवसा ऊन असताना विशेष जाणवत नाही. ऊन उतरलं, हवा जड झाली, की टाकीचा वास गल्लीत येऊन बसायचा. आधी सडक्या अंड्यासारखा, मग ओल्या पोत्यासारखा, आणि शेवटी काहीतरी गोडसर, ते सगळ्यात वाईट. सकाळच्या चहापर्यंत तो हलायचा नाही. उन्हाळ्यात हाल जास्त, कारण कूलर बाहेरचीच हवा ओढतो. वास आला की गल्लीतले कूलर एकामागोमाग एक बंद होत जायचे, आणि एप्रिलच्या भिलाईत कूलर बंद करून बसणं काय असतं ते इथल्यांना सांगायला नको.

शेवटचं घर काकूंचं. काका बाबांबरोबरच कोक ओव्हनला होते. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. त्यांची खाट समोरच्या खोलीत होती, कारण आतल्या खोलीच्या दारातून ती जात नव्हती. त्या खोलीला एकच खिडकी, खिडकीत कूलर, आणि समोर पंप हाऊस. वास आला की काका भिंतीकडे तोंड फिरवायचे आणि ओठ मिटून घ्यायचे. काकू घास हातात घेऊन बसून राहायच्या. आम्हा बाकीच्यांची संध्याकाळ खराब व्हायची. त्या घरात एक माणूस उपाशी राहायचा. काकांचं मनगट मार्चमध्ये होतं त्याच्या अर्धं झालं होतं.

"कोक ओव्हनवाल्याले नाक नसते मंतात," काकू बाबांना टोमणा मारायच्या. "तुमचं तं गेलं. आमच्या यायचं नाक तेवढं कावून राह्यलं?"

"तो पहिल्यापासून नखऱ्याचाच," बाबा म्हणायचे आणि काकांच्या डाव्या हातावर हात ठेवून बसायचे.

आमची मागणी एकच होती. टाकीवर झाकण घाला आणि तिची हवा गाळून सोडा. मी महापालिकेकडे तीन तक्रारी लिहिल्या. तिन्ही अगदी पत्रकाच्या घाटाच्या, प्रत्येकीत 'जनता' हा शब्द चारदा. तिसरीनंतर उत्तर आलं की वास ही ज्याच्या त्याच्या नाकाची गोष्ट आहे, म्हणून तो मोजण्यासाठी रायपूरच्या एका कंपनीला काम दिलं आहे.

मी बाबांना म्हटलं, "वास मोजणार म्हणे. उद्या दुःख मोजतील."

"टाइमपास करून राहिले," बाबा म्हणाले. आम्ही दोघंही खूश झालो. शत्रू ओळखीचा निघाला की बरं वाटतं.

कंपनीकडून आली ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पाठीवर सॅक, हातात कडक पेटी, आणि बोलणं मराठी.

काकूंनी लगेच विचारलं, "तुमी मराठी हा का?"

"हो काकू. रायपूरचे आमी. आजोबांच्या आजोबांपासून तिथंच."

काकू हरखल्या. मी मनात नोंद केली: ज्या गल्लीत मराठी घरं जास्त, तिथे मराठी बाई पाठवली आहे. हे उगाच होत नाही.

आली तीही भर दुपारी. तिने पेटीतून एक यंत्र काढलं. नाकावर धरायचा मुखवटा आणि दोन्ही बाजूंना कोळशाच्या डब्या. कोळशातून गाळलेली साफ हवा आणि बाहेरची हवा ठरलेल्या प्रमाणात मिसळून नाकात जाते. किती मिसळायची ते एका चकतीवर ठरतं, आणि चकतीवर आकडे: साठ, तीस, पंधरा, सात, चार, दोन. साठवर एक भाग बाहेरची हवा आणि साठ भाग साफ. साठपासून खाली उतरत यायचं आणि जिथे पहिल्यांदा वास कळेल तो आकडा लिहायचा. म्हणजे आकडा जेवढा मोठा, वास तेवढा जबर. सातच्या वर गेलं की तक्रार खरी धरतात, असं ती म्हणाली.

बाबांनी डबीला बोट लावलं. "कोळसा? कोळशानंच माहं नाक खाल्लं, अन् इथं कोळसाच हवा साफ करून राहिला?"

ती हसली. मी हसले नाही. तिने गेटपाशी उभं राहून चकती खाली खाली फिरवली, दोनपर्यंत आली, आणि कागदावर लिहिलं की वास नाही.

"मॅडम," मी म्हणाले, "दुपारी बाराला येऊन वास मोजता, तर चांदणंही दुपारीच मोजा ना."

"मला माहीत आहे, ताई. संध्याकाळी यायला मंजुरी लागते, अन् मंजुरीला तुमची डायरी लागते. चार आठवडे." तिने छापील कागदांचा गठ्ठा काढला. तारीख, वेळ, वारा कुठून, वास किती. शून्य ते पाच. "आला तर आकडा. नाही आला तर शून्य. शून्य पण लिहायचं बरं का." हे तिने दोनदा सांगितलं.

कागद मागितला, म्हणजे वेळ काढायचा आहे. मी गठ्ठा घेतला.

त्याच दिवशी आमच्या ओसरीत तिने सगळ्यांच्या नाकांची परीक्षा घेतली. अर्धा तास आधीपासून चहा नाही, पान नाही, अत्तर नाही. बाबांना तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून यावं लागलं, त्याचा राग वेगळाच. स्केचपेनसारख्या पेना होत्या. तीन-तीन पेना नाकाखाली धरायची. दोन कोऱ्या, एकीत हलकासा वास. कुठली ते सांगायचं. पुढच्या तीन पेनांत वासाची आणखी हलकी. बाबांना एकही कळली नाही. मला सगळ्या कळल्या, शेवटचीसुद्धा, जिच्यात काही आहे असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं.

"तुमचं नाक फार तेज आहे," ती म्हणाली. "चालणार नाही."

"मंजे?"

"कमी नाक चालत नाही, तसं जास्ती पण नाही चालत. मधलं लागतं. तुमची डायरी घेऊ, पण तिला वजन कमी."

मी उभीच राहिले. ज्याला वास येतो त्यालाच बाद करायचं! एवढा उघड डाव मी पत्रकांतसुद्धा वाचला नव्हता. मधलं नाक निघालं काकूंचं.

"मंजे माहं नाक धड तेज नाई, धड बंद नाई?" काकू म्हणाल्या.

"तुमचंच सगळ्यात कामाचं, काकू. या गल्लीत सगळ्यात जास्त वजन तुमच्या डायरीला."

हे वाक्य मी ऐकलं. पण मी तेव्हा स्वतःच्या नाकाच्या अपमानात होते.

डायरी भरण्याची पद्धत बाबांनी ठरवली. रोज ज्याने त्याने आपापलं लिहिलं तर घोळ होईल; कोणी तीन लिहील, कोणी पाच, आणि साहेब त्या फरकातून आत शिरेल. म्हणून रविवारी सकाळी सगळ्यांनी कागद घेऊन आमच्या ओसरीत यायचं. आई पोहे करायची. मी आठवड्याचे आकडे सांगायची आणि सगळे लिहायचे. सोमवार चार. मंगळवार पाच. बुधवार चार. तोच तो आकडा दिसू नये म्हणून अधूनमधून एखादा तीन मीच घालायची. हे खोटं आहे असं मनात आलंही नाही. वास येतच होता ना? मागणीपत्रही असंच भरत आलो होतो आम्ही. एकजण लिहितो, बाकीचे त्याखाली उभे राहतात.

काकूंना रविवारी यायला जमायचं नाही, काकांची अंघोळ असायची. त्या आपला कागद रोज भरायच्या आणि पोह्यांनंतर आणून द्यायच्या. पहिले दोन आठवडे त्यांचे आकडे आमच्याहून एखाद-दोन इकडेतिकडे होते. मी सोडून दिलं. तिसऱ्या रविवारी मंगळवार ते शुक्रवार त्यांनी चार शून्यं लिहून आणली.

"काकू, हे काय? शून्य कावून लिवलं?"

"आला नाई तं काय लिवू?"

"चार दिवस आलाच नाई?"

"नाई आला, पोरी. मले बी नवल वाटलं."

"वारा दुसरीकडं असंल. टाकी तं तिथंच हाये ना? आमी सगळ्यायनं चार-पाच लिवलं. तुमच्या एका शून्यानं सगळ्याइचं पाणी होते."

काकू कागदाकडे बघत राहिल्या. "त्या मॅडमनं सांगितलं होतं का शून्य बी लिवा."

"सांगणारच ती. शून्यच पाहिजे त्याइले." मी कोरा फॉर्म पुढे केला. "काकाइसाठी करून राहिलो ना आपण हे?"

ते वाक्य मी मुद्दाम वापरलं. काकूंनी माझ्या कागदावरून बघून चार, पाच, चार, चार लिहिलं. जुना कागद मी त्यांच्यासमोर फाडला आणि पोह्यांच्या बशीखाली ठेवला.

चार आठवडे झाल्यावर मॅडम कागद घ्यायला आली. ओसरीतच बसली, चहा नको म्हणाली, एकेक कागद बघत गेली. बाबा खुर्चीत, मी दाराशी. तिसऱ्या आठवड्यापाशी ती थांबली. बाकीच्या घरांचे तेच कागद काढून शेजारी मांडले. काकूंचा कागद तिने दोनदा पाहिला.

"या आठवड्यात गावाला कोणी गेलं होतं का?"

"नाही. सगळे इथंच," मी म्हणाले.

"मंगळवार ते शुक्रवार? वास येत होता?"

"जबरदस्त."

तिने सॅकमधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. पंप हाऊसचा दुरुस्तीचा कागद होता. सोमवारच्या रात्रीपासून शनिवारच्या सकाळपर्यंत मैलापाणी दुसऱ्या लाइनीने वळवलं होतं. टाकी उपसून, धुऊन, चुना मारून रिकामी ठेवली होती.

"तुम्ही आम्हाला सांगितलं नाही," मी म्हणाले.

"सांगत नाही, ताई. सगळीकडंच असं करतो. एक-दोन दिवस वास बंद करून बघतो की डायरी खरी आहे का. इथं दुरुस्तीच निघाली, चार दिवस मिळाले."

"म्हणजे सापळा लावला."

"सापळा नाही. हे काकूंनीही चार लिहिलं, याचं मला..." तिने कागद गोळा केले. "आता नियमाने मला ही डायरी बाद करावी लागेल. डायरी बाद, म्हणजे संध्याकाळच्या मोजणीला मंजुरी नाही. पंधरवड्यात रिपोर्ट जाईल. दुपारची मोजणी तेवढी राहील, अन् त्यात दोनवर सुद्धा वास नव्हता. त्यानंतर फाइल बंद."

ती गेल्यावर बाबांनी खर्र्याची पुडी सोडली. "पाह्यलं? माणूस गोड बोलते तवाच समजायचं. कागद खोटा आहे तो. टाकी रिकामी केलीच नसंल."

मलाही तेच वाटायला हवं होतं, आणि थोडा वेळ वाटलंही. टाकी रिकामी होती याला पुरावा काय? त्यांचाच कागद! पण मग मला कूलर आठवला. त्या आठवड्यात मी नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमधून शिकवून घरी यायची तेव्हा गल्लीतले सगळे कूलर घरघरत असायचे. आमचाही. त्या चार रात्री मी गाढ झोपले होते, आणि रविवारी उठून ताज्या चेहऱ्याने मंगळवारला पाच दिला होता. सगळ्या गल्लीत सगळ्यात तेज नाक माझं. त्या नाकाने काहीच हुंगलं नव्हतं, फक्त आकडा सांगितला होता.

काकूंना सांगायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तेव्हा वास आलेला होता, कूलर बंद होता, आणि काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकूंच्या मांडीवर वाटी होती. मी सगळं सांगितलं. डायरी बाद झाली, झाकण आता होत नाही, आणि तुमचा कागद खरा होता.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी वाटी खाली ठेवली, उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट यायचे. काका संध्याकाळी किती जेवतात ते लिहून ठेवा, असं त्यांनी काकूंना सांगितलं होतं. काकूंची खूण सोपी होती. पूर्ण जेवले तर पूर्ण गोल, अर्धं तर अर्धा गोल, नाही तर फुली. दोन महिन्यांच्या फुल्या. मध्येच कुठेतरी अर्धा गोल. आणि तिसऱ्या आठवड्यात, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, चार पूर्ण गोल एका ओळीत.

"बुधवारी यायनं पोळी मागून घेतली," काकू म्हणाल्या. "हातानं खूण करून. मी रडली तवा. वाटलं बरे होऊन राहिले." मग वाटी परत उचलून, "तुले सांगितलं होतं ना मी, नाई आला मून."

मी ते कॅलेंडर हातात धरून बसले. शनिवारी पुन्हा फुली होती.

घरी येऊन मी एका पानाचा खुलासा लिहिला. माझ्या आयुष्यातला पहिला कागद ज्यात 'जनता' नव्हतं. गल्लीची डायरी रविवारी एकत्र बसून भरली जात होती, आकडे मी सांगत होते, शेवटच्या घरातल्या बाईंनी चार दिवस शून्य लिहिलं होतं ते मी बदलायला लावलं, मूळ कागद मी फाडला. सोबत त्यांच्या घरच्या कॅलेंडरच्या दोन पानांची प्रत जोडत आहे, जे वासासाठी ठेवलेलं नव्हतं. खाली फक्त माझी सही. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढल्या आणि एक बाबांपुढे ठेवली.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"पत्रक मागं घेत नसतात, बेटा."

"हे पत्रक नव्हतं बाबा. डायरी होती."

"गल्ली खोटी पडते याच्यानं."

"मी पडते. नाव माहंच हाये."

"अन् तिनं हेच साहेबाले दाखवून मटलं का पाहा, लोक स्वतःच कबूल करून राहिले, तं?"

 मलाही तीच भीती होती. माझ्याच सहीने फाइल बंद होणार आणि तिला घाम गाळायचीही गरज नाही. "तं होईल," मी म्हटलं. बाबांनी कागद परत माझ्या हातात दिला. "माही सही नाई भेटणार." मी मागितली नव्हती.

रायपूरला कागद घेऊन मी स्वतः गेले. मॅडमने खुलासा वाचला, मग कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक दिवस आपल्या वहीतल्या हवेच्या नोंदींशी लावत गेली. वारा पंप हाऊसकडून गल्लीकडे, फुली. वारा उलटा, अर्धा गोल. टाकी रिकामी, पूर्ण गोल. दोनदा जुळलं नाही. एकदा काकांना ताप होता, दुसऱ्याचं कारण कोणालाच कळलं नाही.

"हे डायरी म्हणून नाही चालणार," ती म्हणाली. माझा चेहरा बघून पुढे म्हणाली, "पण यावर मी मंजुरी मागू शकते. मागते. मिळेलच असं नाही."

मी विचारलं, "आणि माझा कबुलीजबाब?"

"तो पण लावणार. तो नाही लावला तर मीच खोटी."

मंजुरी आली तेव्हा रिपोर्टच्या मुदतीला तीनच दिवस उरले होते. मोजणी काकूंच्या खोलीत, ऊन उतरल्यावर. आदल्या दिवशी फोन आला की त्या तासात गल्लीत उदबत्ती, धूप, फिनाइल, कचरा जाळणं, काही नको.

"अवं पण पाव्हणी घरी येणार अन् मी चहा बी ठेवू नको?" काकू म्हणाल्या. त्यांनी सकाळीच घर फिनाइलने पुसायला काढलं होतं. मी बादली हिसकून घेतली.

संध्याकाळी बघते तर बाबा गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "सहा ते सात फोडणी बंद. आज लसूण बिलकूल नाई." एका घरातून जिऱ्याचा वास आला तर तिथे जाऊन दार वाजवून आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मॅडम खिडकीपाशी उभी राहिली, मुखवटा नाकावर धरून आधी मिनिटभर नुसती साफ हवा घेत. काका सरळ झोपलेले होते. मी तिच्या खांद्याआडून चकतीकडे बघत होते. मला खात्री करायची होती की जो आकडा दिसेल तोच लिहिला जाईल. तिच्या चांगुलपणावर माझा अजून विश्वास बसलेला नव्हता.

साठ. तिने मान हलवली, नाही. आणि तेवढ्यात काकांनी हळूच तोंड भिंतीकडे फिरवलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमची पाठ काकांकडे होती. तिला ते दिसलं नाही. मी गप्प राहिले. सांगावंसं फार वाटलं.

तीस. ती थांबली, दोनदा श्वास घेतला, मान हलवली. नाही. माझ्या नाकात तोपर्यंत तो गोडसर वास पुरता शिरला होता. माझं नाक बाद होतं.

पंधरा. तिने लगेच हात वर केला. मुखवटा काढून साफ हवा घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पंधराच. तिसऱ्यांदा तीसवर.

तिने कागदावर लिहिलं: पंधरा, पंधरा, तीस. मग पेन माझ्यापुढे धरलं. "साक्षीदार म्हणून सही करता?" मी तिन्ही आकडे दोनदा वाचले, तारीख वाचली, खाली कोरी जागा राहिली आहे का ते पाहिलं, तिथे तिरकी रेघ मारायला लावली, आणि मग सही केली. तिने कागद सॅकमध्ये ठेवला. जाताना गल्लीच्या तोंडाशी बाबांनी तिला विचारलं, "किती?" तिने सांगितलं. बाबांनी खुर्ची उचलली.

रिपोर्टात ते आकडे तसेच आले. माझा खुलासाही आला, शेवटच्या पानावर, कोणीही वाचावा असा. गल्लीतल्या दोन घरांनी काही दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. झाकण यायला पावसाळा सरला, आणि तेही टाकीच्या पूर्ण तोंडावर बसेना म्हणून एक फट राहिली, तिच्यावर पत्रा ठोकला. गाळलेली हवा सोडणारा पाइप लागला. पुन्हा चार आठवडे डायरी ठेवायची होती. या वेळी ज्याने त्याने आपापल्या घरी.

पहिल्या संध्याकाळी मी कागद-पेन घेऊन काकूंच्या फाटकाशी उभी राहिले. पंपाचा आवाज येत होता का ते आधी ऐकलं, कारण पंपच बंद ठेवून दाखवतील असा मला संशय होता. पंप चालू होता. मी नाक वर करून हुंगलं. पुन्हा हुंगलं. खरं सांगायचं तर मी वास शोधत होते.

आतून काकूंचा आवाज आला, "लिवलं का शून्य?"

"थांबा ना काकू. वारा फिरू द्या."

"वारा फिरला बाप्पा केव्हाचा. आमच्या यायचं अर्धं जेवण झालं."

मी आणखी थोडा वेळ थांबले. मग शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोन लिहिलं, कारण दोन होता.